तुमच्यात एवढं सोनं का घालतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं गाव नवी मुंबईतलं घणसोली आणि आम्ही आगरी, हे ऑफिसात नव्या माणसाला कळलं की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. विचारताना नजर माझ्या गळ्याकडे जाते. तिथे काळ्या मण्यांची बारीक पोत असते, मग समोरच्याची जरा निराशा होते.

तर, हो, घालतात. माझ्या काकांच्या हातातलं कडं सोनारही दोनदा बघेल. पण आजी लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे कानातली फुलं सोडली तर काही नव्हतं. तिचं माहेर उरणकडचं. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आम्ही आगरी. लहानपणापासून ती डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. टाचांच्या भेगांत मीठ गेलं की कसं झोंबतं, हे म्हातारपणीही तोंड वाकडं करून सांगायची. इकडे सासरी खाडीकाठची खारी जमीन. पावसावरचा भात, एवढंच पीक. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की तेही गेलं. अशा घरात सोनं कुठून येणार?

1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. मोबदला फारच कमी. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत. 'साडेबारा टक्के' हा शब्द आमच्या घरांत सख्ख्या नातेवाइकासारखा वावरतो. त्याच्यावरून भाऊ भावाशी बोलायचे थांबले, बहिणींकडून हक्कसोडपत्रांवर सह्या घेतल्या गेल्या. (आत्याची सही कशी घेतली, ते विचारू नका.)

बऱ्याच जणांनी भूखंड बिल्डरला दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा एकरकमी पैसा पाहिला. कोणी टेम्पो घेतला, कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या, कोणाचे दोन वर्षांत उडाले. आजीने मात्र वाट्याला आलेल्या पैशांतून चार पाटल्या केल्या. वडील म्हणाले, बँकेत ठेव. ती म्हणाली, "जमिनीला नोटीस येते. पाटल्यांना कोन देल नोटीस?"

तुम्हाला दिसतात त्या या पाटल्या. आणि रीलमधल्या हळदी. आम्ही हलद म्हणतो, त्याचीही नक्कल होते. डीजे असतो, नाही म्हणत नाही. मलाच त्या आवाजाने मायग्रेन होतं. पण आमच्या लग्नात धवलारीण असते, म्हणजे धवले गाऊन विधी करणारी बाई, आणि तिच्याबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. ती रीलमध्ये मावत नसावी. शिवाय गळ्यातल्या त्या जाडजूड चेनींतल्या कितीतरी एक ग्रॅमवाल्या असतात. हे मी सांगितलं असं गावात सांगू नका.

आता आमचंही ऐका. वाशीच्या मार्केटमुळे माथाडी कामगार आमच्या शेजारी राहायला आले, बरेचसे सातारा-सांगलीकडचे. आम्ही त्यांना सरळ 'घाटी' म्हणायचो. शब्द साधा, घाटावरून आलेला माणूस. किनाऱ्यावरच्यांनी त्याला अडाणी, रांगडा असा अर्थ चिकटवला. मी स्वतः शाळेत एका मुलीला तसं चिडवलंय. तिने उलट "ए मिठागरवाली" म्हटलं, तेव्हा घरी येऊन रडले होते.

पुढे भावाने साताऱ्याकडचीच मुलगी केली. लग्नात तिच्या मावश्या आमच्या बायकांच्या बांगड्या मोजत होत्या, आणि माझी काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "या घाटावरच्या पोरीला मासली साफ करता येल का गो?" वहिनीला तेव्हा नव्हतीच येत. आता निवट्या ताज्या आहेत की नाहीत यावरून ती कोळणीशी भांडते, आणि काकू मागे पिशवी धरून उभी असते.