एक बाजू पांढरी झाली, पुढे काय?

घरात रुबिक क्यूब आला की तासाभरात कुणीतरी एक बाजू पांढरी करून दाखवतंच. मग तो क्यूब तसाच टीव्हीशेजारी जाऊन बसतो. दुसरी बाजू लावायला घेतली की पहिली मोडते, आणि हातातोंडाशी आलेलं मोडायला कुणाचा जीव होत नाही. गंमत म्हणजे ती पांढरी बाजू बहुतेक वेळा चुकलेलीच असते. तिला लागून चारही बाजूंवर जी एकेक ओळ दिसते ती तपासा. एकीवर निळा-लाल-हिरवा, दुसरीवर केशरी-निळा-लाल. खरं तर प्रत्येक ओळीतले तिन्ही चौकोन एकाच रंगाचे हवेत.

नवशिक्या रंग लावत बसतो आणि लावायचे असतात तुकडे. वरून ५४ चौकोन दिसत असले तरी तुकडे फक्त २६. त्यातले १२ कडेचे, दोन रंगांचे; ८ कोपऱ्याचे, तीन रंगांचे; आणि ६ मधले, एकेका रंगाचे. मधले आपली जागा सोडत नाहीत. पांढऱ्यासमोर पिवळाच, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर केशरी. (काही स्वस्त क्यूबवर ही वाटणी वेगळी असते, म्हणून हातातल्या क्यूबचे मधले चौकोन बघावेत.) बाजू कोणत्या रंगाची होणार, हे मधल्यानं आधीच ठरवलेलं असतं. कडेचा तुकडा कोपऱ्यात जात नाही, कोपऱ्याचा कडेला येत नाही. एवढं लक्षात आलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी त्रेचाळीसवर अठरा शून्यं एवढ्या जुळण्यांच्या आकड्याची, पण तो आकडा क्यूब सोडवताना काहीच कामाचा नाही.

बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली हा ठोकळा बनवला आणि विस्कटल्यावर पुन्हा जुळवायला त्यांनाच महिनाभर लागला. तेव्हा आपण पाठ केलेल्या चालींनी सोडवला तर त्यात कमीपणा नाही. सगळं स्वतःच शोधून काढायचा हट्ट धरणारे बहुतेक पांढऱ्या बाजूवरच थांबतात.

सुरुवात फुलापासून करावी. पिवळा मधला वर धरायचा आणि त्याच्या चार बाजूंना चार पांढरे कडेचे तुकडे आणायचे. मग एकेका पाकळीचा बाहेरचा रंग त्याच रंगाच्या मधल्यासमोर आणून ती बाजू अर्धा फेरा फिरवायची. पाकळी तळाला जाते आणि तिथे पांढरं अधिक चिन्ह तयार होतं. या चिन्हाच्या बाहेरच्या टोकांचे रंग जुळले नाहीत, तर पुढचं सगळं फुकट.

आता कोपरे. ज्या पांढऱ्या कोपऱ्याला खाली पाठवायचं तो वरच्या थरात, त्याच्या जागेच्या बरोबर वर, समोर, उजव्या हाताला धरायचा. मग चार चाली: उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली, वरचा थर उजवीकडे. कोपरा नीट बसेपर्यंत याच चार चाली. एकदा, तीनदा किंवा पाचदा. जुळलेल्या क्यूबवर त्या सहा वेळा केल्या तर क्यूब जसाच्या तसा परत येतो. हे करून बघाच, कारण ‘मोडलं म्हणजे गेलं’ ही समजूत यानं सुटते. माळा आवरायला काढला की घर आधी पसरतंच, तसंच हे.

मधल्या थराच्या आठ चाली आणि वर पिवळं अधिक चिन्ह आणायच्या सहा चाली सरावानं बोटांत बसतात. चूक झाली तर ती बहुधा क्यूब धरण्यातली असते. एक चाल झाली की नकळत क्यूब हातात वळतो, ‘उजवी’ म्हणजे दुसरीच बाजू होते आणि सूत्राला शिव्या बसतात. समोरचा मधला रंग मनात म्हणत राहावं.

खरी परीक्षा शेवटी. पिवळे चारही कोपरे आपापल्या जागी आलेत, पण काही तिरके बसलेत. तिरका कोपरा वर, समोर, उजव्या हाताला घ्या. उजवी खाली, तळाचा थर डावीकडे, उजवी वर, तळाचा थर उजवीकडे. ही चौकडी दोनदा किंवा चारदा केली की पिवळा वर येतो. तेवढ्यात खाली नजर जाते आणि पोटात गोळा येतो, कारण इतका वेळ जमवलेले दोन्ही थर विस्कटलेले असतात. नव्वद टक्के नवशिके इथेच क्यूब टाकून देतात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

खाली पाहायचंच नाही. क्यूब न वळवता फक्त वरचा थर फिरवायचा, पुढचा तिरका कोपरा त्याच जागी आणायचा आणि पुन्हा तीच चौकडी. दोन कोपरे तिरके असतील तर एकाला दोन आणि दुसऱ्याला चार, मिळून सहा. तीन असतील तर सहा किंवा बारा, चार असतील तर बारा. बेरीज नेहमी सहाच्या पटीत येते आणि ही चौकडीही सहा वेळांनी स्वतःला पुसते, म्हणून शेवटच्या कोपऱ्याबरोबर खालचं सगळं आपोआप जागेवर येतं. मात्र चौकडीतली चौथी चाल खाऊ नका. तीन चालींनंतरच पिवळा वर दिसला की हात थांबतो, आणि मग क्यूब खरोखरच बिघडतो.

सगळं बरोबर करूनही एकच कोपरा तिरका उरला, किंवा कडेचा एकच तुकडा उलटा राहिला, तर सूत्रं पुन्हा पुन्हा घोकण्यात अर्थ नाही. फिरवून फिरवून तसं होऊच शकत नाही. क्यूब कधीतरी जमिनीवर आपटलाय, किंवा घरातल्या कुणी लहानग्यानं कोपरा पिळलाय. वरचा थर अर्धवट, तिरपा फिरवून कडेचा एक तुकडा अंगठ्यानं उचकटा, पाठोपाठ बाकीचे सुटतात. परत बसवताना मात्र रंग जुळवूनच बसवा. कसेही कोंबलेत, तर बारापैकी अकरा वेळा तो क्यूब कुणालाच सुटणार नाही.