साइन आणि कोसाइन यांचे एकच पद करताना

‘कोसाइन थीटा − √३ साइन थीटा = १’ हे समीकरण सोडवताना मी आधी परिचित मार्ग धरला. साइनचे पद उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंचे वर्ग केले, की केवळ साइनमधले वर्गसमीकरण उरते आणि ०° पासून ३६०° च्या आत थीटासाठी ०°, १८०°, २४०° व ३००° असे चार कोन मिळतात. मूळ समीकरणात ते ठेवले असता १८०° ला डावी बाजू −१ आणि ३००° ला २ आली, म्हणजे हे दोन्ही कोन उकली नव्हेत. वर्ग केल्याने चिन्हातला फरक नाहीसा होतो, त्याचाच हा परिणाम. नको असलेली उत्तरे निर्माणच होणार नाहीत, अशी रीत मला हवी होती.

दोन्ही पदांतला कोन एकच असल्यामुळे डावी बाजू ‘आर साइन (थीटा + अल्फा)’ अशी लिहिता येते; यात आर ही धन संख्या आणि अल्फा हा ठरावीक कोन. हे रूप विस्तारून सहगुणकांची तुलना केली, तर आर कोसाइन अल्फा = −√३ आणि आर साइन अल्फा = १ मिळते; दोहोंच्या वर्गांची बेरीज ४, म्हणून आर = २.

खरी कसोटी अल्फा ठरवताना लागते. भागाकार करून टॅन्जंट अल्फा = −१/√३ एवढेच हाती ठेवले, तर कॅल्क्युलेटर −३०° दाखवतो, कारण (−√३, १) आणि (√३, −१) या बिंदूंसाठी हा भागाकार सारखाच असतो. म्हणून मी (−√३, १) हा बिंदू आलेखावर मांडला. तो दुसऱ्या चरणात आहे, आरंभबिंदूपासून २ अंतरावर आहे आणि त्याची दिशा १५०° आहे. आर आणि अल्फा म्हणजे त्या बिंदूचे ध्रुवीय सहनिर्देशकच (आरंभबिंदूपासूनचे अंतर आणि दिशेचा कोन), हे दिसले तेव्हा मला ही रीत मनापासून पटली. थीटा = ० ठेवून पडताळाही लगेच घेता येतो: १५०° घेतल्यास १ येतो, −३०° घेतल्यास −१.

आता साइन (थीटा + १५०°) = १/२. कंसातला कोन १५०° पासून ५१०° च्या आत असल्याने तो १५०° किंवा ३९०°, म्हणून थीटा ०° किंवा २४०°. गाळण्यासारखे काहीच उरले नाही. शिवाय आधी बाद झालेल्या ३००° ला ही राशी आपली कमाल किंमत, म्हणजे २, गाठते, हेही या रूपात उघड दिसते. उजवीकडे ३ असते, तर उकल नाही हे आकडेमोडीशिवाय सांगता आले असते. याच राशीचे २ कोसाइन (थीटा + ६०°) हे रूपही तितकेच बरोबर आहे, आणि कोसाइनचा सहगुणक धन असेल तेव्हा लघुकोन मिळतो म्हणून मी तेच पसंत करतो.