पाच बाय आठचा हिशोब

अमेरिकेतल्या घराच्या जाहिरातीत पहिला आकडा बेडरूमचा आणि दुसरा बाथरूमचा असतो. '३ बेड, २.५ बाथ' वाचून नवखा माणूस अर्ध्या बाथरूमपाशीच अडकतो. हाफ बाथ म्हणजे कमोड आणि बेसिन, आंघोळीची सोय नाही. टब असला की फुल, टबाऐवजी नुसता शॉवर असला की थ्री-क्वार्टर. गंमत म्हणजे जाहिरातीत ज्याला २.५ म्हणतात, तेच बँकेच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे घराच्या किमतीच्या मूल्यांकनात, २.१ असं लिहिण्याची पद्धत आहे: दोन पूर्ण, एक अर्धं. दोन्ही कागद समोर ठेवले की बाथरूम कुठे गायब झालं, असा प्रश्न पडतो. गायब काही होत नाही.

नेहमीचं फुल बाथ ५ बाय ८ फुटांचं, म्हणजे ४० चौरस फूट. हे माप उगाच ठरलेलं नाही. नेहमीचा टब ६० इंच लांब आणि ३० इंच रुंद असतो. ५ फुटांच्या अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये तो आडवा नेमका बसतो. पुढे कमोडला ३० इंच, कारण देशात बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या निवासी बांधकाम नियमांप्रमाणे कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच लागतात. उरलेल्या ३६ इंचांत बेसिन. ३०, ३० आणि ३६ मिळून ९६ इंच, झाले ८ फूट. कमोडसमोर किमान २१ इंच मोकळे हवेत, तेही ५ फुटांत भागतात. याहून लहान फुल बाथ बसवता येतं, पण मग दार उघडताना गुडघा आपटणार.

आता या ४० फुटांचे पैसे. सगळे करतात तो सोपा हिशोब म्हणजे जागा गुणिले दर. मॅनहॅटनच्या कॉन्डोला, म्हणजे मालकीच्या फ्लॅटला, चौरस फुटाला १,५०० डॉलर हा दर सहज दिसतो, म्हणजे बाथरूम ६०,००० डॉलरचं. सॅन फ्रान्सिस्कोत ढोबळ १,००० धरले तर ४०,०००. ह्यूस्टनमध्ये १६० धरले तर ६,४००. तोच टब, तेच कमोड, दुकानातली किंमतही साधारण तीच. फरक जमिनीचा.

सॅन फ्रान्सिस्कोतले हे ४०,००० रोख कोणी देत नाही. २० टक्के हातचे म्हणजे ८,००० भरले, उरलेल्या ३२,००० वर ३० वर्षांचं कर्ज ६.५ टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याला सुमारे २०२ डॉलर हप्ता. ३६० हप्त्यांचे ७२,८०० च्या आसपास, वर ते ८,०००. कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्का आहे. स्थानिक भर धरून १.२ मानला, तर आणखी वर्षाला ४८० डॉलर. भाड्याचंही तसंच. ६०० चौरस फुटांची जागा महिना ४,२०० ला घेतली, तर फुटाला ७ डॉलर. बाथरूमचे २८० महिन्याला, ३,३६० वर्षाला.

पण हा गुणाकार अर्धवट आहे. सरासरी दरात बैठकीची खोली, कोनाडे, भिंतींची जाडी सगळं एकाच भावात मोजलं जातं. एखादं बाथरूम नसतं तर भाडं किती कमी झालं असतं, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर वजाबाकीने मिळतं. एकाच इमारतीतली दोन घरं घ्या: २ बेड १ बाथ, ८५० फूट, ३,००० डॉलर, आणि २ बेड २ बाथ, ९५० फूट, ३,५०० डॉलर. फरक ५०० चा. पहिल्या घराचा दर फुटाला ३.५३ पडतो, म्हणजे जास्तीच्या १०० फुटांचे ३५३. उरलेले १४७ हे दुसरं बाथरूम असण्याचे. सकाळी साडेसातला दाराबाहेर टॉवेल घेऊन उभं राहावं लागू नये, याची ती किंमत.

ही वजाबाकी दोन ठिकाणी फसते. एक, मजला. वरच्या मजल्याचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे पैसे वेगळे असतात, म्हणून मजले जवळचे निवडा. दोन, सवलत. '१ महिना मोफत' असेल तर ३,५०० चं भाडं जाहिरातीत ३,२०८ दिसतं, कारण अकरा महिन्यांचे पैसे बारावर वाटलेले असतात. पुढच्या वर्षी लीज वाढवताना वाढ बहुधा ३,५०० वर लागते. तुलना पूर्ण भाड्याची पूर्ण भाड्याशीच करा.

अशी वजाबाकी चार-सहा इमारतींत केली की एक गोष्ट दिसू लागते: पैसे बाथरूमच्या आकाराला कमी आणि संख्येला जास्त मोजले जातात. एकाची दोन झाली की घरातल्या माणसांचं सकाळचं वेळापत्रक बदलतं. दोनाची तीन झाली की बहुतेक घरांत साफसफाई वाढते. महाग शहरात सर्वांत वाईट सौदा म्हणजे मास्टर बेडरूमला जोडलेलं ९०-१०० फुटांचं बाथरूम, मध्ये नाचता येईल इतकी फरशी. हजाराच्या दराने ती जास्तीची ५०-६० फुटांची मोकळी फरशी ५०-६० हजारांची होते, आणि तिथे कोणी बसतही नाही.

लहान बाथरूममध्ये मात्र इंच-इंच मोजावा. दार आत उघडतं की बाहेर? २८ इंची दार उघडताना साधारण ४.३ चौरस फुटांचा पाव गोल अडवतं. हजाराच्या दराने ४,३०० डॉलर. भिंतीत सरकणारं दार बसवलं तर ही जागा सुटते. पण त्यासाठी दाराच्या दुप्पट लांबीची भिंत लागते, आणि त्या भिंतीत पाइप किंवा विजेचे स्विच असून चालत नाही. बाथरूमच्या भिंतीत नेमकं तेच असतं. दार बाहेर उघडायला लावणं हा त्याहून स्वस्त उपाय, पॅसेजमध्ये कोणाच्या कपाळावर येत नसेल तर.

नवीन बाथरूम काढू म्हणणाऱ्यांनी जागेच्या आधी पाइपचा विचार करावा. कमोडला ३ इंची ड्रेन लागतो. ३ इंची पीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास ३.५ इंच, आणि नेहमीच्या भिंतीतल्या 'टू बाय फोर' (नावाला २ बाय ४ इंची) लाकडाची रुंदीही ३.५ च. पाइप भिंतीएवढाच होतो, सांध्याला जागा उरत नाही. म्हणून पाइपाची भिंत 'टू बाय सिक्स'ची, म्हणजे ५.५ इंची करतात. फरशीखाली तर आणखी पंचाईत. आडव्या वाशांना त्यांच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं भोक पाडता येत नाही. 'टू बाय टेन' वाशाची खरी उंची ९.२५ इंच, म्हणजे भोक फार तर ३.०८ इंचांचं. ३.५ इंची पाइप त्यातून जाणार कसा? तो वाशांना समांतर, दोन वाशांच्या मधूनच न्यावा लागतो, आणि उतार द्यावा लागतो, साधारणपणे दर फुटाला पाव इंच. १२ फूट लांब नेला तर ३ इंच खाली उतरला. म्हणूनच जुन्या घरात नवं बाथरूम बहुधा जुन्याच्या पाठीला पाठ लावून किंवा स्वयंपाकघराच्या डोक्यावर निघतं. मनाजोगत्या कोपऱ्यात काढायचं तर खालचं छत फोडायची तयारी ठेवा.

तळघरात काढायचं असेल तर आधी गटाराचा पाइप घराबाहेर किती उंचीवर पडतो ते बघा. तो तळघराच्या फरशीपेक्षा उंच असेल तर मैला वर ढकलणारा पंप आणि त्याची टाकी बसवावी लागते. वीज गेली की ते कमोडही बंद. बिल्डरने आधीच काँक्रीटखाली पाइप काढून ठेवलेले असतील तर काम पुष्कळ स्वस्त पडतं. तळघराच्या फरशीतून वर डोकावणारी टोपण लावलेली पाइपाची तोंडं शोधा.

न्यू यॉर्कच्या को-ऑपमध्ये (रहिवाशांच्या सहकारी मालकीच्या इमारतीत) तर पाइप जमूनही भागत नाही. बऱ्याच इमारतींचा नियम आहे की ओल्या खोलीखाली ओलीच खोली हवी. तुमचं नवं बाथरूम खालच्याच्या बेडरूमवर येत असेल तर बोर्ड परवानगी देत नाही. 'इथे दुसरं बाथरूम सहज निघेल' असं दलाल म्हणाला, तर खालच्या फ्लॅटचा नकाशा मागा.

जुन्या आणि नव्या इमारतींतली बाथरूमं वेगळी का दिसतात, यालाही कायदा कारण आहे. न्यू यॉर्कमध्ये १९०१ च्या टेनमेंट हाऊस (चाळवजा भाड्याच्या इमारतींच्या) कायद्याने नव्या इमारतीत प्रत्येक घराला स्वतःचा संडास सक्तीचा केला. आंघोळीचं तेव्हा तितकं कोणी मनावर घेतलं नव्हतं. लोअर ईस्ट साइडला काही घरांत टब स्वयंपाकघरात दिसतो तो त्याच काळाचा वारसा. दुसरा टप्पा देशभर लागू असलेल्या, घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यातल्या १९८८ च्या फेअर हाऊसिंग दुरुस्तीचा. १३ मार्च १९९१ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या, चार किंवा जास्त घरांच्या इमारतींत चाकाची खुर्ची आत जाईल असं बाथरूम हवं: ३० बाय ४८ इंच मोकळी जागा, पुरेसं रुंद दार, आणि पुढे आधाराचे दांडे लावता यावेत म्हणून भिंतीच्या आत लाकडी पाट. लिफ्ट असेल तर सगळ्या घरांत, नसेल तर तळमजल्यावर. त्यामुळे १९९१ नंतरच्या इमारतीतलं बाथरूम मोठं वाटलं, तर ती मालकाची दिलदारी नव्हे.

क्षेत्रफळ मोजण्याची रीतही समजून घ्यावी. आपल्याकडे रेराने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी वगळून, पण आतल्या भिंती धरून. अमेरिकेत स्वतंत्र घर बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून मोजतात, आणि तळघर कितीही सजवलेलं असलं तरी ते मुख्य क्षेत्रफळात धरत नाहीत. तळघरातलं बाथरूम अप्रेझलमध्ये वेगळ्या ओळीत जातं आणि त्याला वरच्या बाथरूमइतका भाव मिळत नाही. जाहिरातीत मात्र '३ बाथ'मध्ये ते बिनदिक्कत मोजलेलं असतं. ऑफर देण्याआधी काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) नोंदीत बाथरूम किती आहेत ते बघा. तिथे दोन आणि जाहिरातीत तीन असतील, तर नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातून त्या कामाचं परमिट मागा. परमिट नसेल तर अप्रेझर ते मोजेलच असं नाही, आणि उद्या उघडकीला आलं तर भिंत उघडून तपासणी करून घेण्याचा खर्च नव्या मालकाच्या माथी.

रूममेट असतील तर भांडण बहुधा जोडलेल्या बाथरूमवरून होतं. अर्धं-अर्धं भाडं सोपं, पण न्याय्य नाही. समजा घर ८०० फूट, भाडं ३,००० म्हणजे फुटाला ३.७५. एकाची खोली १५०, तिला जोडलेलं बाथरूम ४५. दुसऱ्याची खोली १३०, बाहेरचं बाथरूम ४०. बाकी ४३५ सगळ्यांचं. बाहेरचं बाथरूम पाहुणेही वापरतात, म्हणून त्यातले २० फूट दुसऱ्याचे आणि २० सामाईक धरा. सामाईक झालं ४५५, प्रत्येकी २२७.५. पहिल्याचे ४२२.५ फूट, म्हणजे सुमारे १,५८४ डॉलर, दुसऱ्याचे ३७७.५ फूट, १,४१६ डॉलर. फरक १६८. हे लीजवर सही करण्याआधी ठरवा. सामान लागल्यावर कोणी टेप काढून मोजत नाही.

न्यू जर्सीत किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात टाउनहाऊस (ओळीतलं बहुमजली घर) बघणाऱ्या मराठी घरांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. या घरांत तळमजल्यावर बहुधा हाफ बाथ असतं, बेडरूम आणि आंघोळ वरच्या मजल्यावर. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर रोजचा जिना आला. तळमजल्यावर बेडरूम आणि शॉवरवालं बाथरूम असलेलं घर जरा महाग पडतं, पण हाफ बाथचं नंतर फुल करणं त्याहून महाग: १८-२० फुटांत शॉवर बसवायला शेजारचं कपाट फोडावं लागतं. टब असेल तर त्याच्या कडेची उंची मोजा. १४-१५ इंच कड गुडघे दुखणाऱ्याला ओलांडवत नाही. दांडा लावायचा तो भिंतीतल्या लाकडात स्क्रूने, रबरी चोषकाचा नको, तो भार पडताच सुटतो. भाड्याच्या घरात अपंगत्वाचं कारण असेल तर मालकाला असा वाजवी बदल सहसा नाकारता येत नाही, खर्च मात्र बहुधा भाडेकरूचा.

आणि बादली-तांब्याची आंघोळ टबाच्या आतच. इथल्या बाथरूमच्या फरशीला सहसा जाळी नसते, उतारही नसतो. खाली प्लायवूड आणि लाकडी वासे. पाणी फरशी आणि टबाच्या सांध्यातून किंवा कमोडच्या बुडाशी असलेल्या मेणाच्या कड्याजवळून खाली उतरतं आणि आधी खालच्या शेजाऱ्याच्या छताला पिवळा डाग होऊन दिसतं. घर बघायला गेलात तर कमोडच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून जोर द्या. फरशी दबत असेल तर आतलं लाकूड बहुधा कुजलंय, आणि ते बदलायचं तर आधी कमोड उचलून फरशी काढावी लागते.