आमची वाटचाल: स्टुडिओपासून गाण्यांच्या हक्कांपर्यंत

पुण्यात आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, पण गेली काही वर्षं पोट भरतं ते गाण्यांच्या परवानग्यांवर. गेम बनवणाऱ्या एखाद्या कंपनीला गाणं हवं असतं. त्याचे मालक शोधायचे, बोलणी करायची, कागद करायचे, आणि दोन्ही बाजू पुढे कोर्टात समोरासमोर येणार नाहीत हे बघायचं, हे आमचं काम. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी "दलाली" म्हणून मोकळा होतो. खरं सांगायला गेलं तर जेवणाची पंगत उठते.

सुरुवात चारचौघांसारखी. जाहिरातींच्या जिंगल, गणपतीची गाणी, शाळांच्या स्नेहसंमेलनाचे ट्रॅक. कॅसेट गेली, सीडी गेली, मग बऱ्यापैकी माइक घरोघरी आले आणि हंगामी काम आटलं. त्याच सुमारास पुण्यात गेम बनवणारी मंडळी वाढत होती. नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला, तो इथलाच, सुपरगेमिंग ही कंपनीही इथलीच. या दोघांशी आमचा काही व्यवहार नाही, पण त्यांच्यासारखं काही करायचं म्हणून पाच-सात पोरांच्या कितीतरी टोळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांना आवाज हवे होते. तलवारीचे, बैलगाडीचे, पावसात पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांचे. ते आम्ही करून द्यायचो. मग एकाने गाणं मागितलं.

त्यांच्या गेममध्ये जत्रेचा प्रसंग होता आणि मागे जुनी लावणी वाजायला हवी होती. "सर, यूट्यूबवर आहे. इतकी जुनी आहे, घेऊन टाकू ना!" या एका वाक्यातून आमचा आताचा धंदा निघाला.

जुनं म्हणजे फुकट, हा समज गेम कंपन्यांतच नाही, गायकांतही आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्याच्या पोटात किमान तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द नि चाल यांची मुदत त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, ध्वनिमुद्रणाची ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी २०२० संपताना मोकळी झाली, पण तिच्यावरची चाल बांधणारा माणूस १९९० पर्यंत जगला असेल तर चाल २०५० संपेपर्यंत त्याच्या वारसांची. अभंगांच्या बाबतीत तर हे हमखास होतं. शब्द तुकोबांचे, त्यावर कुणाची मालकी नाही, हे खरं. पण चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर? खळेकाका २०११ मध्ये गेले. ती चाल २०७१ अखेरपर्यंत हक्काची आहे. हे सांगितलं की समोरचा पोरगा मनात वजाबाकी करतो आणि स्वतःचं तेव्हाचं वय काढून गप्प बसतो.

त्या लावणीच्या शब्दांचे वारस दोन गावांत आणि एका परदेशात निघाले, चालीचे वारस एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ध्वनिमुद्रण ज्या कंपनीकडे होतं तिथे आमच्या ईमेलला उत्तर द्यायचं खातंच कुठलं हे कळायला बराच काळ गेला. शेवटी आम्ही दुसरा रस्ता काढला: जत्रेसाठी नवीन लावणी लिहून घेतली, चाल बांधून घेतली, आमच्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. जुन्या गाण्याची परवानगी मिळवणं आणि नवं गाणं करून देणं, या दोन पायांवर आम्ही अजून उभे आहोत. दुसऱ्यात पैसा कमी, डोकेदुखी त्याहून कमी.

खरी भांडणं मात्र मालक सापडल्यावर सुरू होतात. एका किल्ल्याच्या गेमसाठी आम्ही एका शाहिरांकडे गेलो. कंपनीने करार स्वतःच पाठवला होता, कुठून तरी अमेरिकेतून उतरवलेला. एकरकमी पैसे, सगळं जग, कायमचे हक्क, पुढे मानधनावर (रॉयल्टीवर) दावा नाही. मी मराठीत वाचून दाखवला.

"साहेब, सुपारी घेतो तेव्हा आम्ही एका रात्रीची घेतो. तुमची ही रात्र केवढी?"

"शाहीर, गेम चालेल तोवर."

"आणि चालला जोरात तर?"

"तरी तेवढेच पैसे."

"मग तुम्हीच म्हणा पोवाडा."

गेलो तसे परत आलो. पण त्यांनी अडवलं ते बरोबर ठिकाणी अडवलं होतं. जगभर या धंद्यातल्या भांडणांची मूळं दोनच: गाणं गेममध्ये किती काळ राहणार, आणि त्याचे पैसे एकदाच मिळणार की गेमच्या कमाईबरोबर वाढणार. गंमत अशी की बहुतेक करार या दोन गोष्टी एकत्र बांधतात. कायमचा हक्क हवा तर एकरकमी पैसे. पैसे पुन्हा हवेत तर हक्क ठरावीक वर्षांचा. आमचं सगळं काम ही गाठ सोडवण्याचं आहे.

मुदतीच्या करारांनी काय होतं ते पाहा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' (जीटीए ४) हा गेम आला एप्रिल २००८ मध्ये. एप्रिल २०१८ मध्ये त्यातल्या बऱ्याच गाण्यांचे हक्क संपले आणि कंपनीने नवा पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, सोडून ती काढून टाकली. सगळ्यात जास्त फटका बसला तो गेममधल्या रशियन रेडिओ स्टेशनला. दहा वर्षांपूर्वी पैसे मोजून गेम घेतलेल्यांच्या कॉम्प्युटरवरचीही गाणी गेली. 'अ‍ॅलन वेक'चं तर दुकानच बंद झालं: डेव्हिड बोवीसारख्यांची गाणी त्यात होती, परवाने संपले म्हणून मे २०१७ मध्ये विक्री थांबली, ती ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाने नव्याने मिळाल्यावर सुरू झाली. २००२ चा 'माफिया' १९३० च्या दशकातल्या अमेरिकन शहरात घडतो आणि जॅझ वाजवणाऱ्या जँगो राइनहार्टच्या गिटारशिवाय तो मला कल्पनेतही येत नाही. पण गॉग या ऑनलाइन दुकानात तो २०१७ मध्ये परत आला तो परवान्याची गाणी वगळून. अशा वेळी कलाकाराला एक पैसा मिळत नाही, कंपनीची विक्री बुडते आणि खेळणारा शिव्या घालतो. तिघांचंही नुकसान करणारा करार लिहायला वकील लागतो, एवढं मात्र खरं.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश बँड हेवन सेव्हन्टीनच्या मार्टिन वेअर यांनी जाहीरपणे सांगितलं की 'जीटीए ६' मध्ये त्यांचं गाणं घ्यायला दर लेखकामागे ७,५०० डॉलर देऊ केले होते, पुढच्या सगळ्या मानधनाचा हक्क सोडून देण्याच्या अटीवर. त्यांनी नकार दिला. आधीच्या गेमने ८.६ अब्ज डॉलर कमावल्याचा हिशेब त्यांनी मांडला आणि जगभर दोन तट पडले. आमच्या ऑफिसातही. एक तट म्हणाला, एवढ्या मोठ्या गेममध्ये वाजलं की नव्या पिढीला नाव कळतं, लोक गाणं शोधून ऐकतात, तिथून पैसे येतात. मला हे पटत नाही. तीस-चाळीस वर्षं गाणं करणाऱ्याला ओळखीचं आमिष दाखवणं हा उद्धटपणा आहे. पण अब्जांचा आकडा दाखवून गाण्याची किंमत ठरवणंही मला पटत नाही. 'जीटीए ५' मध्ये दोनशेहून अधिक गाणी होती आणि त्यातलं एखादं नसतं म्हणून कुणी गेम घ्यायचा राहिला नसता. ७,५०० चा आकडा मला खटकत नाही. खटकते ती त्याच्या पुढची "कायमची" अट.

गाण्यावरच उभ्या असलेल्या गेममध्ये हिशेब निराळा लागतो. २००८ मध्ये 'गिटार हीरो' जोरात होता तेव्हा वॉर्नर म्युझिक या गाण्यांच्या कंपनीचे एडगर ब्रॉन्फमन म्हणाले, आम्हाला फारच कमी मिळतंय. तो गेम काढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनचे बॉबी कॉटिक यांचं उत्तर होतं की एरोस्मिथ या रॉक बँडला त्यांच्यावरच्या गेममधून त्यांच्या कुठल्याही एका अल्बमपेक्षा जास्त मिळालं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने तो विभागच बंद केला. वाटणी ठरेपर्यंत दुकानाला कुलूप लागलं होतं.

आपल्याकडे शाहिरांच्या बाजूने कायदा बराच आहे, फक्त तो कुणी वाचत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, गीतकार आणि संगीतकारांना मानधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला आणि तो त्यांना कंपनीला लिहून देताच येत नाही अशी तरतूद केली. फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे त्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. त्यामुळे "पुढे मानधनावर दावा नाही" असं अमेरिकन वाक्य इथल्या करारात डोळे झाकून टाकलं तर ते किती टिकेल याची मला शंका आहे. शिवाय करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि गेम स्टीम या ऑनलाइन दुकानावर चढला की पहिल्याच दिवशी ब्राझीलपासून जपानपर्यंत विकला जातो! एका पानी मराठी "संमतीपत्रा"वर सही घेऊन गेम जगभर विकायला निघालेली पोरं आमच्याकडे येतात, तेव्हा आधी ही दोन कलमं दाखवतो. व्हिडिओ गेमसाठी कायद्यात वेगळं कलम नाही, त्यामुळे काही प्रश्नांवर वकीलही हात चोळत बसतात. म्हणून सगळं लिहून घ्यायचं.

शाहिरांशी अखेर करार झाला. आजही आम्ही थोड्याफार फरकाने तोच वापरतो. पोवाडा गेममध्ये कायम राहणार. विकलेल्या प्रतीतून तो कधीच काढायचा नाही. सुरुवातीची रक्कम सहीच्या दिवशी. मग विक्रीचे टप्पे: अमुक हजार प्रती गेल्या की इतके, पुढचा टप्पा ओलांडला की आणखी. दर सहा महिन्यांनी स्टोअरचा विक्री अहवाल जसाच्या तसा पाठवायचा, कंपनीने एक्सेलमध्ये टाइप केलेला नाही. ट्रेलर वेगळा, जाहिरात वेगळी, पुढचा भाग वेगळा. कंपन्या सुरुवातीला कुरकुरतात. मग लक्षात येतं की गेम पडला तर खर्चही कमीच राहतो, आणि चालला तर द्यायला खिशात पैसे असतात. फुकट डाउनलोडच्या गेमला मात्र हे लागू पडत नाही, तिथे प्रती मोजून उपयोग नाही. तिथे गेम स्टोअरवर आहे तोवर वार्षिक रक्कम धरतो आणि त्यावर दरवर्षी नव्याने वाद घालतो.

एक कलम आम्ही नंतर वाढवलं. गेम खेळताना व्हिडिओ टाकणारी पोरं, मराठीतून गप्पा मारत खेळणारीही आता पुष्कळ आहेत. गाण्याच्या मालकाने यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (व्हिडिओतली गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत) गाणं नोंदवलेलं असलं की त्या पोरांच्या व्हिडिओवर क्लेम येतो, कमाई मालकाकडे जाते, आणि शिव्या गेम कंपनीला. २०२० मध्ये ट्विच या खेळ थेट दाखवणाऱ्या साइटवर अशा तक्रारींचा पाऊस पडला. त्याच डिसेंबरात आलेल्या 'सायबरपंक २०७७' मध्ये परवान्याची गाणी बंद करायचं बटणच दिलं होतं. आम्ही मालकाकडून लिहून घेतो की या गेमच्या व्हिडिओंवर क्लेम लावणार नाही, आणि बटणही द्यायला सांगतो, कारण लिहून दिलेलं वारसांच्या लक्षात राहीलच असं नाही.

आणि गाणं कुठे वाजणार, हेही लिहितो. नो डाउट या बँडने २००९ मध्ये 'बँड हीरो' या गेमवर खटला भरला तो पैशांवरून नव्हे, तर त्यांच्या पडद्यावरच्या प्रतिकृती दुसऱ्यांची गाणी गाताना दाखवता येत होत्या म्हणून. २०१२ मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे कलम ५७ आहे. कलाकृतीची मोडतोड होऊन नाव खराब होत असेल तर लेखक हरकत घेऊ शकतो. अभंगावर बंदुका चालल्या तर मामला कोर्टापर्यंत जाईलच असं नाही, पण गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. प्रसंगाचं वर्णन आम्ही कराराला जोडतो, शक्य असेल तर व्हिडिओसकट.

धंदा म्हणाल तर बरा चाललाय. आम्ही टक्केवारीवर काम करतो आणि ती दोन्ही बाजूंना आधी सांगतो. एआयने संगीत करून घेणारे काही ग्राहक गेले, त्यातले काही परतही आले, पण त्याबद्दल आत्ता छातीठोक बोलण्यात अर्थ नाही.

सध्या टेबलावर देवीच्या गोंधळाच्या गाण्याचं काम आहे. कंपनीचं म्हणणं, शब्द पारंपरिक, चाल पारंपरिक, मग पैसे कशाचे? आमचं म्हणणं, शब्द-चालीचे नाहीत, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे स्वतंत्र हक्क कलम ३८ खाली पन्नास वर्षांचे आहेत, त्यांचे. हे कंपनीने मानलं. आता भांडण आमच्याच ऑफिसात आहे. भागीदार म्हणतो, टप्प्यांचे पैसे फक्त मुख्य गोंधळ्याला द्यावेत, संबळ आणि तुणतुणं वाजवणाऱ्यांना एकरकमी देऊन मोकळं व्हावं, नाहीतर हिशेब सांभाळायला वेगळा माणूस लागेल. माणूस लागला तर ठेवू, असं मी म्हणतोय. ध्वनिमुद्रणाची तारीख ठरली आहे, त्याआधी कागद पक्के करायचे आहेत.