आईचा ठणका आणि माझं 'कंबर दुखते'

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आईने तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळी झाले, "कंबर दुखते तिची." चार महिन्यांत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे मी हेच तीन शब्द बोलले. आई शेजारी बसलेली असायची, पर्स मांडीवर घेऊन. ती माझ्याकडे बघायची आणि मान हलवायची.

घरात मात्र ती 'दुखतंय' असं म्हणतच नव्हती. ती म्हणायची, "ठणकतंय." "आतून कुणी पोखरतंय असं वाटतं." "कूस बदलली की अशी कळ येते, श्वासच अडकतो." मी हे सगळं ऐकत होते, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं 'कंबर दुखते' करत होते. डॉक्टरांचा वेळ जाऊ नये म्हणून.

तिला आठ वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, किमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. कॅन्सर हार्मोनवर वाढणारा होता, म्हणून अंगातलं ते हार्मोन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी सुरू झाली आणि तिचं सातवं वर्ष चालू होतं. या गोळीने सांधे दुखतात हे आम्हाला पाठ होतं. म्हणून नवीन काही दुखलं की आम्ही ते गोळीच्या खात्यात टाकायचो. गोळी नसेल तर वय, वय नसेल तर गादी. गादीही बदलून झाली.

आज मागे वळून बघताना दोन दुखण्यांमधला फरक लख्ख दिसतो. गोळीचं दुखणं दोन्ही हातांच्या बोटांत, दोन्ही गुडघ्यांत असायचं. सकाळी उठल्यावर सगळं आखडलेलं, आणि घरात चार फेऱ्या मारल्या की मोकळं. हे नवीन दुखणं एका जागी होतं. ती बोट ठेवून जागा दाखवायची: पाठीचा खालचा भाग, कण्यापासून थोडं उजवीकडे. दिवसभर ते दबा धरून असायचं आणि रात्री आडवं झालं की जागं व्हायचं. पडून राहिल्यावर कंबर दुखायची थांबते, हा आपला सगळ्यांचा अनुभव. तिची तेव्हाच सुरू व्हायची. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे. रात्री अडीचच्या सुमाराला तिची खाट करकरायची. जाऊन बघितलं तर पलंगाच्या कडेला बसलेली, तळहात त्या जागेवर दाबून. कूस बदलायची तर ती तीन टप्प्यांत बदलायची: आधी पलंगाची कड धरायची, मग गुडघे वळवायची, मग दात आवळून बाकीचं अंग. पहिल्या महिन्यात मधले आठ-दहा दिवस ठणका अजिबात नव्हता, त्यामुळे आम्ही आणखीच निर्धास्त झालो.

एक्स-रे काढला, तो 'नॉर्मल' आला. त्या एका शब्दावर आमचे सहा आठवडे गेले. व्यायाम, शेक, वेदनाशामक गोळ्या. हाडातला 30 ते 50 टक्के खनिज भाग झिजेपर्यंत साध्या एक्स-रेवर ते दिसत नाही, हे मला खूप नंतर कळलं. ज्यांना पूर्वी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे आणि एकाच जागी आठवड्यागणिक वाढत जाणारं, रात्री छळणारं दुखणं आहे, त्यांनी स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानू नये. हे मी हात जोडून सांगते.

नेहमीच्या तपासणीला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी पुन्हा सुरुवात केली, "कंबर..." त्यांनी मला हाताने थांबवलं. "ताई, तुम्ही जरा थांबा. काकू, तुम्ही सांगा. कसं दुखतं?"

आई बोलली. पाच-सात मिनिटं बोलली असेल. ठणका, पोखरणं, कळ, अडीच वाजता जाग येणं, सगळं. डॉक्टरांनी तिला पुढे वाकवून कण्यावरून एकेका मणक्यावर हलकेच बोटांनी ठोकत नेलं. एका मणक्यावर ती एकदम "आई गं" म्हणाली. त्यांनी तिथेच बोन स्कॅन लिहून दिला.

पाठोपाठ एमआरआय आणि बायोप्सी झाली. कमरेचा तिसरा मणका, उजव्या बाजूचं कटीचं हाड आणि दोन फासळ्या. स्तनाचा कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा हाडांतच जातो, आणि हार्मोनवर वाढणारा असेल तर दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने 1889 मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या. बी सगळीकडे उडतं, पण मानवेल त्याच मातीत रुजतं, असा त्याचा विचार. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे हाडांची माती त्याला मानवली."

नातेवाइकांनी लगेच 'आता हाडांचा कॅन्सर झाला' असं सुरू केलं. तसं नाही. हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर. बायोप्सीत हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या हार्मोन पकडणाऱ्या जागा, पूर्वीसारखेच निघाले आणि औषधं त्याच हिशोबाने ठरली. हा कॅन्सर आता मुळापासून जाणार नाही हे आम्हाला स्पष्ट सांगितलं आहे. तो आवरून धरता येतो आणि माणसं वर्षानुवर्षं जगतात, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं आहे.

बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत होतो त्या आठवड्यात जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आईला तहान लागायला लागली. उशाचा पाण्याचा तांब्या रात्रीतून दोनदा भरायचा, आणि तितक्याच वेळा लघवीला उठायचं. पोट पाच दिवस साफ नाही. मळमळ. आणि झोप, दिवसाढवळ्या, बोलता बोलता. आम्हाला वाटलं, वेदनाशामक गोळ्यांची गुंगी आहे. त्यांनी बद्धकोष्ठ होतं, पेंग येते हे खरंच आहे, म्हणून संशय आला नाही. सहाव्या दिवशी सकाळी तिने मला धाकट्या मावशीच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "आई कुठे गेली?"

रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. हाडं विरघळत असताना त्यांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं, आणि तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, भ्रम ही सगळी त्याची लक्षणं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं. सलाईन लावलं, हाडं विरघळणं रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड दिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने डोळे उघडले, माझं नाव घेतलं आणि म्हणाली, "तुझे केस किती विस्कटलेत." मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडले.

हे औषध सुरू करण्याआधी एरवी दात तपासून घेतात, कारण त्याने क्वचित जबड्याचं हाड मरतं. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. दात नंतर दाखवले.

मणक्याच्या ठणक्यासाठी रेडिएशन झालं, 8 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप), एकाच बैठकीत. पुढचे दोन दिवस ठणका उलट वाढला. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही धीर धरला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सहा वाजता मी दचकून उठले, कारण खाट करकरलीच नव्हती. आई झोपली होती. कुशीवर.

रेडिएशनच्या रांगेत एक बाई भेटल्या होत्या. पाय टेकला की मांडीत चमक यायची, महिनाभर. एके दिवशी खुर्चीतून उठताना मांडीचं हाड मोडलं. पडल्या नाहीत, धक्का लागला नाही, नुसत्या उठल्या. भार टाकल्यावर येणारी चमक म्हणजे हाड वजन पेलेनासं झालंय याची खूण असू शकते. वेळेत कळलं तर हाड मोडण्याआधीच त्यात सळई घालून आधार देता येतो.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. डॉक्टरांनीच सुचवली. त्यात तारीख, वेळ आणि आईचा शब्द, जसाच्या तसा. मी त्यात काही सुधारायचं नाही, असा करार आहे. 'ठणका, रात्री 1.' 'चमक, जिना चढताना.' 'फासळीत बोचतं, खोकल्यावर.' तिच्या एका शब्दावरून डॉक्टर पुढचे तीन प्रश्न विचारतात, हे मी समोर बसून बघितलं आहे.

कपाटाच्या दारावर एक वेगळा कागद चिकटवला आहे. त्यातलं काही झालं तर वहीत लिहीत बसायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा: पाठीतून छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, पाय जड होणं किंवा लटपटणं, पायांत मुंग्या, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं. मज्जारज्जूवर दाब आला की हे होतं. उपचाराला उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईल याची खात्री नसते. रात्री दोनला असं झालं तर सकाळ होऊ द्यायची नाही.

आता झोलेड्रोनिक दर तीन महिन्यांनी असतं. सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आधी कॅल्शियम वाढलं म्हणून घाबरलो होतो, आता या औषधाने ते कमी होऊ नये म्हणून गोळ्या. दर वेळी रक्त तपासूनच औषध देतात.

मागच्या रविवारी आई आरशासमोर बराच वेळ उभी होती, खालच्या ओठावरून बोट फिरवत. म्हणाली, "इथं माझं बोट मला लागत नाही गं. परक्याचा ओठ असल्यासारखं." दुखत नव्हतं. पूर्वीची मी असते तर दुखत नाही म्हणून सोडून दिलं असतं. वहीत तिचे शब्द लिहिले आणि सोमवारी सकाळी फोन केला. डॉक्टरांनी फोनवरच विचारलं, हनुवटीही बधिर आहे का? होती. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेवर दाब असेल तर असं होतं. ते कॅन्सरमुळे असेल किंवा औषधामुळे, दोन्ही बघावं लागेल म्हणाले. जबड्याचा स्कॅन गुरुवारी आहे.