पट्टी निघंना गेली

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात होती. मी ज्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथून दिवाणजींचा फोन आला. "सर, पट्टी निघंना गेली बगा. स्क्रीन हाय तिथंच थांबलंय." मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. माल विकलेला शेतकरी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात पडल्याशिवाय गावाकडं निघू शकत नाही. मी गाडीला किक मारली.

रचना अशी होती. वजन आणि भाव घेऊन, हमाली-तोलाई वजा करून निव्वळ रक्कम काढणारा एक जुना प्रोग्रॅम सी भाषेत होता. हिशोब चोख, म्हणून तो मी बदलला नाही. स्क्रीन आणि छपाई पायथन या दुसऱ्या भाषेत नव्यानं केली आणि एका प्रोग्रॅममधून दुसरा चालवणारं तिचं सबप्रोसेस मॉड्यूल वापरून जुन्या प्रोग्रॅमला मागं बसवलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रत्येक प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) सुरुवातीलाच तीन वाटा मिळतात: ० नंबरची आत येणारी, १ नंबरची उत्तराची आणि २ नंबरची चुका-इशाऱ्यांची. या तिन्हींना मी पाइप, म्हणजे दोन प्रोग्रॅममधला मजकूर वाहून नेणारे मार्ग, जोडले. पायथननं एक ओळ लिहायची, सीच्या प्रोग्रॅमनं एक ओळ परत द्यायची.

पहिली ठेच जूनमध्येच लागली होती. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हाच प्रोग्रॅम लगेच उत्तर द्यायचा, पाइप लावला की चिडीचूप. कारण सीच्या लायब्ररीत आहे. समोर टर्मिनल असेल तर ती ओळ संपली की लगेच बाहेर सोडते. समोर पाइप असेल तर साठवत बसते आणि साठा भरला की एकदम सोडते. एका पट्टीचं उत्तर म्हणजे शंभरेक बाइट, त्यानं साठा कुठला भरतोय? पायथन उत्तराची वाट बघतोय, सीचा प्रोग्रॅम पुढच्या ओळीची. प्रत्येक उत्तरानंतर एफफ्लश, म्हणजे साठा लगेच बाहेर सोडायचा हुकूम, घातलं आणि गाडी चालू लागली. प्रोग्रॅमचा मूळ कोड हाताशी नसता तर साठवायची ही सवय बाहेरून बदलणारी एसटीडीबफ नावाची कमांड कामी आली असती. पायथनच्या बाजूनं लिहिल्यावरही फ्लश करावं लागतं, ते आधीच केलं होतं.

जून ते सप्टेंबर एकदाही तक्रार नाही. दिवसाला चाळीस-पन्नास पट्ट्या, रात्री मशीन बंद, सकाळी चालू. त्यामुळं ऑक्टोबरात तो फोन आला तेव्हा माझा पहिला संशय प्रिंटरवर गेला.

दुकानात पोचलो. दोनशे नव्वद पट्ट्यांच्या पुढं कुठंतरी काम थांबलं होतं. पीएस या चालू प्रोसेसांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये दोन्ही प्रोसेस झोपलेल्या, सीपीयू शून्य. काम वाढल्यानं दमलेला प्रोग्रॅम असा दिसत नाही. हे एकमेकांची वाट बघणं होतं. दोन खिडक्या उघडून दोघांना एकेक एसट्रेस लावलं; प्रोग्रॅम कर्नलकडं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडं, काय मागतोय ते ही कमांड दाखवते. पायथन 'रीड'मध्ये अडकलेला, तो उत्तराच्या पाइपवर. इथपर्यंत समजण्यासारखं. पण सीचा प्रोग्रॅम 'राइट'मध्ये अडकलेला होता आणि कंसात पहिला आकडा होता २. त्यापुढं ३४०, २४४, २०७ असे आकडे. हे 'इ' या अक्षराचे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतले तीन बाइट, अष्टमान (आठच्या पायाच्या) आकड्यांत. 'इशारा' या शब्दातला तो 'इ' होता, आणि तो शब्द मीच लिहिला होता.

दिवाणजींना वाचता यावं म्हणून जुने इंग्रजी इशारे मी मराठीत केले होते. ओलावा, माती-कचरा, बारदाना हे रकाने रिकामे असले की प्रत्येकासाठी एक ओळ. त्या ओळी २ नंबरच्या पाइपात जायच्या आणि तो पाइप मी कुठंच वाचत नव्हतो.

पाइप म्हणजे तार नव्हे, मधे बसवलेला हौद आहे. लिनक्समध्ये त्याची नेहमीची क्षमता ६५,५३६ बाइट, म्हणजे ४,०९६ बाइटची सोळा पानं. (लातूरच्या माणसाला सोळाचा आकडा लक्षात ठेवायला गंजगोलाईचे सोळा रस्ते पुरेसे आहेत.) हौद भरला की कर्नल लिहिणाऱ्याला थांबवतो, कोणीतरी उपसेपर्यंत. 'इशारा: ओलावा रकाना रिकामा' ही ओळ चिन्हं मोजली तर पंचवीसची, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून ओळ तोडणाऱ्या चिन्हासकट ६८ बाइट. तिन्ही इशारे मिळून एका पट्टीला २२०. भागाकार केला, तर तीनशेला दोन-तीन कमी. कारण तिथंच सापडलं. पन्नास पट्ट्यांच्या दिवसात हौद पाव भागही भरत नव्हता.

त्या घटकेला प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, दारात थांबलेल्यांच्या पट्ट्या आधी काढून दिल्या. दुरुस्ती रात्री केली. १ आणि २ एकत्र करणं सोपं होतं, पण मग इशारे पट्टीच्या आकड्यांत मिसळले असते, आणि शेतकऱ्याच्या पैशाच्या कागदावर मला ते चालणार नव्हतं. कम्युनिकेट ही पायथनची सोय दोन्ही पाइप नीट उपसते, पण ती एकदाच सगळं देऊन सगळं घेण्यासाठी आहे, ओळीला ओळ अशा संवादासाठी नाही. म्हणून २ नंबरची वाट सरळ एका फाइलकडं वळवली. फाइलला वाचणारा लागत नाही. बदल एका ओळीचा.

तरी मनाला स्वस्थता नव्हती. रविवारी घरी बसून तेच सगळं सीमध्ये हातानं लिहिलं: पाइप तयार करायचा (पाइप), प्रोसेसची प्रत काढायची (फोर्क), वाट वळवायची (डप२), नवा प्रोग्रॅम चालवायचा (एक्झेक). शेलमध्ये, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन कमांडींच्या मधे उभी रेघ मारली की मागं जे घडतं, ते हेच. तिथं आणखी एक गोष्ट हाती लागली. पाइपाचं लिहिणारं टोक फोर्कनंतर दोन्ही प्रोसेसमध्ये उघडं राहतं. वाचणाऱ्यानं स्वतःकडची प्रत बंद केली नाही, तर समोरचा संपला तरी 'संपलं' ही खूण त्याला कधीच मिळत नाही. माझा प्रोग्रॅम अर्धा तास स्वतःचीच वाट बघत होता. एक क्लोज घातलं आणि सुटला. बेल लॅब्जच्या डग मॅक्इलरॉय यांनी बागेतल्या पाइपासारखे प्रोग्रॅम जोडावेत असं १९६४मध्ये लिहिलं आणि केन थॉम्पसन यांनी १९७३मध्ये ते युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज सिस्टिममध्ये आणलं. इतकी जुनी आणि इतकी देखणी गोष्ट मी इतकी वर्षं न बघता वापरत होतो, याची त्या दिवशी फार हळहळ वाटली.

सोमवारी ३४८ पट्ट्या निघाल्या. संध्याकाळी मी इशाऱ्यांची फाइल उघडून दिवाणजींसमोर ठेवली. हजारावर ओळी. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन-तीन पडदे वाचले.

"हे ओलाव्याचं रोज असंच येतंय का?"

"जूनपासून येतंय, दिवाणजी. पण कुणी वाचतच नव्हतं."

"काट्यावरच्या चिठ्ठीत ओलाव्याला जागाच न्हाई, मग आमी भरावं कुठून?" त्यांनी टेबलावरची कोरी चिठ्ठी ओढली आणि वजनाच्या रकान्याशेजारी पेनानं एक उभी रेघ मारली.