टिळकवाडीची काँग्रेस विहीर: रिक्षात बसण्यापूर्वी हे वाचावे

निपाणीहून सकाळच्या बसने बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरल्यावर मी रिक्षावाल्याला ‘सौधला जायचे आहे’ एवढेच सांगितले आणि तिथेच सगळे बिघडले. मला टिळकवाडीतल्या वीर सौधला, म्हणजे काँग्रेस विहिरीजवळच्या स्मारकाच्या बागेत, जायचे होते. रिक्षा मात्र महामार्गाला लागून हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधासमोर, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीसमोर, उभी राहिली. वाटेत मी दोनदा हटकले, तरी ‘बरोबर चाललोय’ हेच उत्तर मिळाले, आणि परत टिळकवाडीत सोडण्याचे धरून साडेपाचशे रुपये उकळले गेले. ही सरळ लूट आहे. ‘सौध’ हा शब्दच उच्चारू नये. ‘काँग्रेस रोडवरची विहीर’ असे स्पष्ट सांगावे आणि भाडे ठरल्याशिवाय पाय आत टाकू नये. रेल्वेने येणाऱ्यांनी तर रिक्षा करूच नये. स्थानकापासून चालत सहज जाता येते.

बाग लहान आहे, अर्धा तास पुरतो. पण २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते याच परिसरात भरले होते आणि तिथे जमलेल्यांच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली गेली, हे ठाऊक असलेल्याचे पाऊल कठड्यापाशी आपोआप थबकते. माझा सगळा संताप तिथेच उतरला. अधिवेशनाची छायाचित्रे पाहिल्याशिवाय निघू नये.

खरा त्रास पुढे आहे. जुन्या पेठांकडे जाताना मिरज-लोंढा लोहमार्गाचे फाटक ओलांडावे लागते. मी पोहोचलो तेव्हा ते नुकतेच पडले होते. एक मालगाडी गेली, दुसऱ्या गाडीसाठी ते तसेच राहिले, आणि भर उन्हात वीस मिनिटे उभे राहावे लागले. ते उघडताच दोन्ही बाजूंच्या दुचाकी एकाच वेळी रुळांवर घुसतात, त्या रेट्यात पायी माणसाला जागाच उरत नाही. वाहने ओसरेपर्यंत कडेला थांबावे आणि आडव्या दांड्याखालून वाकून जाणाऱ्यांचे अनुकरण मुळीच करू नये.

शुक्रवार पेठ, गुरुवार पेठ, मंगळवार पेठ हा भाग पायीच पाहावा. नव्या इमारतींच्या मधोमध अजून कौलारू घरे तग धरून आहेत. एका घराच्या ओसरीवरचे लाकडी खांब हाताच्या स्पर्शाने कमरेच्या उंचीपर्यंत काळेभोर, गुळगुळीत झालेले दिसले. लोक त्या घरांत राहतात, म्हणून फाटकातून आत डोकावण्यापूर्वी विचारावे. मी विचारले, तेव्हा आजींनी आधी पाणी दिले आणि मग घर दाखवले.